फोन ठेवायला शिकू या



बोलणाऱ्याला मध्येच तोडून फोन ठेवणं आपण असभ्यपणाचं मानतो. समोरचा नम्रपणे बोलत असेल, तर आपणही नरमाईनं उत्तरं देतो. आज चोर आपल्या घरात शिरतो तो याच दारानं.

माझी थोरली बहीण निवृत्त शिक्षिका आहे. आम्ही तिला आपा म्हणतो. वाण्याची उधारी कधी ठेवली नाही, अशी हिशेबी बाई. एका दुपारी तिला फोन आला, ''बँकेतून बोलतोय. तुमचं केवायसी अपुरं आहे. संध्याकाळी खातं बंद होईल, पेन्शन अडकेल.'' त्याला तिचं नाव ठाऊक होतं, बँकही ठाऊक होती. इतकं माहीत आहे म्हणजे माणूस बँकेचाच, असं आपाला वाटलं. तिनं कार्डावरचे आकडे वाचून दाखवले, मागचे तीन आकडेही सांगितले. मग मोबाइलवर ओटीपी आला, तोही सांगितला. चाळीस हजार रुपये गेले.

चोरानं कुलूप तोडलंच नाही. किल्ली आपानंच त्याच्या हातात ठेवली. ओटीपी म्हणजे आपली सहीच. 'हा आकडा कोणालाही सांगू नका,' असं संदेशात लिहिलेलं असतं. पण कानाशी कोणी घाई करत असलं, की डोळे वाचायचं विसरतात.

मी शब्दांत रमणारा माणूस. आपाकडून सगळा संवाद ऐकला, तेव्हा जाणवलं की त्यात दोनच गोष्टी होत्या : भीती आणि घाई. गोष्ट बदलते, ही दोन पात्रं बदलत नाहीत. कधी 'आज रात्री वीज तोडू', कधी 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले'. कोणी पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून 'डिजिटल अरेस्ट' झाल्याचं सांगतो. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही 'मन की बात'मध्ये हे सांगितलं होतं. कधी भीतीऐवजी लालूच असते : 'पैसे पाठवतो, यूपीआयचा पिन टाका.' पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी नाही.

आता खरी दुखरी गोष्ट. आपानं हे घरात कोणालाच सांगितलं नाही. 'जन्मभर पोरांना शिकवलं आणि मीच फसले,' ही लाज. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचा फोन आला, ''पैसे चुकून कापले गेले, परत करतो. नवा ओटीपी सांगा.'' शेजारी कोणी असतं, तर तिचा हात धरला असता. आणखी बारा हजार गेले. पहिले चाळीस भीतीनं नेले, हे बारा लाजेनं.

चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्यानं पळतो. म्हणून फसलो असं कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसा अजून एखाद्या खात्यात असेल, तर तो तिथंच रोखून धरता येतो. बँकेलाही लगेच कळवून कार्ड बंद करून घ्यावं. गुप्त आकडे आपणच सांगितले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि त्यानंतरचं बँकेचं, असं रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं. उशिराची किंमत यातून कळते. बँकेचा क्रमांक मात्र इंटरनेटवर शोधू नये, तिथं चोरांनी आपलेच क्रमांक पेरलेले असतात. कार्डामागे छापलेला क्रमांक पाहावा.

आता असा फोन आला, की आपा म्हणते, ''थांब बाबा, मीच बँकेत येते,'' आणि फोन ठेवते. पलीकडून दुसरा शब्द येण्याआधी.

श्रोतेहो, आज रात्री जेवताना घरातल्या वडीलधाऱ्यांशी यावर बोला. आणि कोणी फसलं असेल, तर 'एवढंही कळलं नाही?' असं विचारू नका. त्या एका प्रश्नाच्या धास्तीनं माणसं गप्प बसतात, आणि चोराला तेच हवं असतं.