'मराठा'चा उदय आणि अस्त

सिद्धेश्वरचा हा परिसर १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर पंधरवड्यातच, १५ नोव्हेंबरला, आचार्य अत्रे यांनी मुंबईत 'दैनिक मराठा' काढला. 'नवयुग' साप्ताहिक त्यांच्या घरचे होतेच. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला या दैनिकाने रोजचा आवाज दिला. अत्र्यांच्या फटकाऱ्यांतून कोणी सुटले नाही, पु. भा. भाव्यांशी झालेला त्यांचा वाद तर सर्वश्रुत आहे. मात्र चळवळीत नेहरूंवर तुटून पडलेल्या याच लेखणीने १९६४ मध्ये त्यांच्या निधनानंतर 'सूर्यास्त' ही लेखमाला लिहिली.

१ मे १९६० रोजी मागणी पूर्ण झाली, १३ जून १९६९ रोजी अत्रे गेले. कन्या शिरीष पै यांनी धुरा खांद्यावर घेतली. त्या स्वतः समर्थ कवयित्री. पण वाचक अंक घेत होता तो अत्र्यांच्या अग्रलेखासाठी. छापखाना वारशाने मिळाला, ती शैली मिळणे शक्य नव्हते. पुढे 'मराठा' बंद पडला.

पुण्यात ना. भि. परुळेकरांनी १९३२ मध्ये काढलेल्या 'सकाळ'ची भिस्त गावोगावच्या बातमीदारांवर होती. परुळेकर १९७३ मध्ये वारले, १९८५ मध्ये मालकी पवार कुटुंबाकडे गेली; अंक मात्र निघतच राहिला.