बोनस : पोस्त कीं हक्क?

दिवाळी चार-आठ दिवसांवर आली कीं पुण्यांत दोन प्रकारचे पैसे हातोहात फिरूं लागतात. पेठांतील बिऱ्हाडांच्या दारीं टपालवाला येतो, झाडूवाला येतो, आणि दिवाळीची पोस्त मागतो. घरधनी खिशांत हात घालून मर्जीस येईल तें देतो. त्याच सुमारास हडपसर, पिंपरी, भोसरी या बाजूंच्या कारखान्यांत फलकावर एक कागद लागतो आणि त्यावर बोनसाचा शेंकडेवारीचा आंकडा असतो. दोन्ही पैसे दिवाळीचे, दोन्ही घेणाऱ्याला सारखेच हवेसे. परंतु पोस्त न देणाऱ्यास लोक फार तर कंजूष म्हणतात. बोनस न देणाऱ्या मालकास कायद्यापुढें उभें राहावें लागतें. हा भेद एकाएकीं पडलेला नाहीं. तो पडावयास जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं.

प्रथम एका लोककथेचा निकाल लावलेला बरा. असें सांगतात कीं, पूर्वी मजुरी आठवड्याची होती. वर्षाचे आठवडे बावन्न, चार आठवड्यांस एक पगार या हिशेबानें वर्षाचे पगार तेरा. इंग्रजांनीं महिन्याचा पगार सुरू केला तेव्हां तेरावा पगार बुडाला, आणि तोच बोनस म्हणून परत मिळूं लागला. कथा गोड आहे, पण गणित व इतिहास या दोहोंसहि ती मानवत नाहीं. महिना चार आठवड्यांचा नसतो, सव्वाचार आठवड्यांहून थोडा अधिक असतो, हें पांचवींतला मुलगाहि सांगेल. आणि इतिहास पाहावयाचा तर मुंबईच्या गिरण्यांकडे वळावें लागतें.

पहिल्या महायुद्धांत कापडाचे भाव चढले, गिरण्यांस अमाप नफा झाला, आणि त्याच वेळीं धान्याची महागाई मजुरांच्या चुलीपर्यंत येऊन पोहोंचली. सन १९१७ सालीं गिरणीमालकांनीं मजुरीवर शेंकडा दहा असा युद्ध-बोनस दिला. पुढच्या वर्षीं तो शेंकडा पंधरा झाला. युद्ध संपलें, तरी वर्षाकांठीं एक महिन्याच्या पगाराइतका बोनस देण्याचा पाठ पडला. सन १९२३ चें वर्ष गिरण्यांस वाईट गेलें, तेव्हां मालकांनीं बोनस नाकारला. मजुरांना ही गोष्ट समजेना. जी रक्कम सतत हातीं पडत आली, जिच्या भरंवशावर वाण्याची उधारी फेडली गेली व गांवाकडे मनिऑर्डरी गेल्या, ती बक्षीस होती हें त्यांना कोणीं सांगितलेंच नव्हतें. सन १९२४ च्या आरंभीं दीड लाखांच्या आसपास मजूर कामावरून बाहेर पडले आणि मुंबईच्या गिरण्या बंद झाल्या.

सरकारनें मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. समितीनें निर्णय दिला कीं, या बोनसावर मजुरांचा रूढीनें, कायद्यानें किंवा न्यायबुद्धीनें, कसलाहि बजावतां येण्यासारखा हक्क सिद्ध होत नाहीं; शिवाय १९२३ सालचा एकंदर धंदा पाहतां बोनस देण्याजोगा नफाहि झालेला नाहीं. समितीपुढें जो कायदा होता त्यावरून दुसरा निर्णय देणें कठीणच होतें. तथापि चार-पांच वर्षें चाललेल्या वहिवाटीला कांहींच किंमत नाहीं, हें म्हणणें आज वाचतांना कोरडें वाटतें. पोस्त मागणारा टपालवाला आणि सांचावर उभा असलेला विणकर, दोघांनाहि त्या निर्णयानें एकाच रांगेंत बसविलें.

पुढचें वळण १९५० सालीं आलें. मुंबईचा गिरणीमालक संघ व राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांचा वाद कामगार अपील न्यायाधिकरणापुढें गेला. न्यायाधिकरणाच्या पूर्णपीठानें नफ्याची वांटणी कशी करावी याचें एक सूत्रच घालून दिलें. वर्षाच्या नफ्यांतून आधीं यंत्रांची घसारा-रक्कम काढावी, यंत्रें नवीं करण्यासाठीं तरतूद काढावी, भागभांडवलावर शेंकडा सहा व खेळत्या भांडवलावर त्याहून कमी दरानें परतावा काढावा, आयकर द्यावा. आणि मग जी शिल्लक उरेल तींत कामगाराचा वांटा धरावा. म्हणजे कामगाराचें पान शेवटच्या पंगतींत मांडलें गेलें. पण मांडलें गेलें खरें. पुढें १९५४ सालीं कानपूरच्या मूर मिल्सच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानेंहि सांगितलें कीं, बोनस ही मेहेरबानी नव्हे. मात्र तो मागें राहिलेला पगारहि नव्हे. प्रत्यक्ष पगार आणि माणसासारखें जगण्यास लागणारा पगार यांत जें अंतर असतें, तें नफ्यांतून थोडें भरून काढण्याचा तो उपाय.

नफाच झाला नाहीं तर काय, हा प्रश्न तसाच राहिला. सन १९६१ सालीं श्री. मेहेर यांच्या अध्यक्षतेखालीं बोनस आयोग नेमला गेला व त्याच्या अहवालानंतर १९६५ सालीं बोनस देण्याचा कायदा झाला. त्यानें नफा असो वा तोटा असो, शेंकडा चार इतका किमान बोनस दिलाच पाहिजे असें ठरविलें आणि कमाल मर्यादा शेंकडा वीस ठेवली. तोट्यांतल्या मालकानें बोनस कोठून द्यावा, असा आक्षेप घेऊन जालान ट्रेडिंग कंपनीचा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. सन १९६६ सालीं न्यायालयानें कायद्याचीं कांहीं इतर कलमें रद्द केलीं, पण किमान बोनसाचें कलम कायम ठेवलें. पोस्त आणि बोनस यांची फारकत खऱ्या अर्थानें त्या दिवशीं झाली.

सन १९७२ मध्यें किमान दर शेंकडा ८.३३ झाला. हा आंकडा विचित्र दिसतो, पण शंभरास बारानीं भागून पाहिलें कीं उलगडतो : वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिन्याचें वेतन. १९२३ सालीं मुंबईच्या मजुरानें जें गमावलें होतें तेंच! आणीबाणींत हा दर पुन्हां चारावर आला व १९७७ मध्यें पूर्ववत् ८.३३ झाला.

तो १९६५ चा कायदा आतां राहिलेला नाहीं. दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ पासून सन २०१९ ची वेतन संहिता अमलांत आली व बोनसाचे नियम तिच्यांत आले. मूळ सांगाडा तोच आहे. वीस किंवा अधिक माणसें कामास असलेल्या आस्थापनेंत, सरकार ठरवील त्या वेतनमर्यादेच्या आंतील ज्या कामगारानें वर्षांत निदान तीस दिवस काम केलें असेल, त्याला किमान बोनस मिळावयास पाहिजे. अर्ध्या वर्षांत नोकरी सोडून गेलेल्याचाहि तेवढ्या दिवसांचा बोनस बुडत नाहीं. हें पुष्कळांना ठाऊक नसतें आणि जुन्या मालकाकडे पुन्हां जाण्याचा संकोच वाटून ते तो सोडून देतात. पगारी रजेचे व बाळंतपणाच्या पगारी रजेचे दिवस कामाचेच धरावयाचे असतात. बोनस बुडतो तो लबाडी, कारखान्याच्या आवारांतील दंगा, चोरी, अफरातफर किंवा घातपात यांबद्दल कामावरून काढून टाकलेल्याचा. नव्या संहितेनें यांत लैंगिक छळाबद्दल शिक्षा होणें याचीहि भर घातली आहे. उशिरा येण्याबद्दल किंवा मुकादमाशीं खटका उडाल्याबद्दल बोनस कापतां येत नाहीं. शिकाऊ उमेदवाराला मात्र या कायद्याचें संरक्षण नाहीं. कंत्राटी कामगाराला आहे. तो आपल्या कंत्राटदाराकडून बोनस मागूं शकतो.

खरी मेख आहे ती हिशेबांत. जुन्या कायद्यांत २०१५ च्या दुरुस्तीनें दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार पात्र ठरला. पण बोनसाचा हिशेब त्याच्या पूर्ण वेतनावर न करतां दरमहा ७,००० रुपये किंवा सरकारनें ठरविलेलें किमान वेतन, यांपैकीं जें अधिक असेल त्यावर करावयाचा असें ठरलें. आतां समजा, एका धंद्यांतलें किमान वेतन १२,००० रुपये आहे व कामगाराला १८,००० मिळतात. सात हजारांवर हिशेब केला तर किमान बोनस ७,००० रुपये होतो. बारा हजारांवर केला तर १२,००० होतो. पांच हजारांचा हा फरक 'यांपैकीं जें अधिक असेल तें' एवढ्या शब्दांत दडलेला आहे, आणि हिशेबनीसाच्या नजरेतून नेमके तेच शब्द निसटतात. नव्या संहितेंत मर्यादेचा आंकडा सरकारच्या अधिसूचनेवर सोपविला आहे, पण हे शब्द तिनेंहि राखले आहेत. वेतन म्हणजे मूळ पगार व महागाई भत्ता. मात्र इतर भत्त्यांची बेरीज एकंदर मोबदल्याच्या निम्म्याहून वर गेली तर वरचा भाग वेतनांत धरला जातो. पगार लहान व भत्ते मोठे दाखविण्याच्या चतुराईला त्यामुळें थोडा लगाम बसला आहे.

आणखी एक गोष्ट ऐकणाऱ्यास नवल वाटेल. या कायद्यांत दिवाळीचें नांव नाहीं. हिशेबाचें वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आंत बोनस द्यावा, एवढेंच त्यांत आहे. वर्ष ३१ मार्चला संपत असेल तर मुदत ३० नोव्हेंबरपर्यंत जाते, आणि दिवाळी त्यापूर्वीच होऊन जाते. सणापूर्वी पैसे हातीं यावेत ही रीत लोकांची. मालकानें ती पाळली तर उत्तम, न पाळली तर एवढ्यावरून त्याला दोष लावतां येत नाहीं. मुदत उलटल्यावर मात्र मागणी करतां येते, आणि नव्या संहितेनें तिला तीन वर्षांचा अवधि दिला आहे.

पुणें महानगरपालिकेच्या सेवकांना दिवाळींत जी रक्कम मिळते तिला लोक बोनसच म्हणतात. कागदावर तिचें नांव सानुग्रह अनुदान असें असतें, कारण जुन्या कायद्यानें स्थानिक संस्थांच्या नोकरांना वगळलेलें होतें. तें मिळतें तें करारानें.

आणि घरोघर धुणीभांडीं करणाऱ्या बायकांना तर ना कायदा, ना कधीं मोठा मालक. सन १९८० सालीं पुण्यांतील मोलकरणींनीं काम थांबवून संप केला आणि त्यांतून पुणें शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आजारपणाची रजा, पगारवाढ यांबरोबर दिवाळीला एक महिन्याचा पगार बोनस म्हणून मिळावा, ही त्यांची मागणी होती. अनेक घरांनीं ती मान्य केली व आज पुष्कळ ठिकाणीं ती रूढीच होऊन बसली आहे. एक बाई सकाळपासून पांच घरीं राबते. कायद्याच्या हिशेबीं ती पांच निरनिराळ्या मालकांची एकेकटी नोकर ठरते, आणि वीस माणसांची अट तिच्या वाट्याला कधींच पुरी होत नाहीं. म्हणून दिवाळीच्या आधीं तिला पांचहि दारीं बोनसाची गोष्ट स्वतःच काढावी लागते, आणि एखाद्या दारीं तिच्या हातावर अजूनहि पोस्तच ठेवली जाते.