काचेचा ग्लास
(दार्सैत येथील मराठी कुटुंबांच्या मेळाव्यातील भाषण)



आपण 'स्टीलचा ग्लास' म्हणतो आणि 'काचेचा ग्लास'ही म्हणतो. इंग्रजाला पहिला अशक्य वाटेल, दुसरा द्विरुक्ती! इंग्रजीत ग्लास म्हणजे मुळात काच. मग तिच्यापासून जे जे झालं, त्यालाही तेच नाव. पेला ग्लास, पूर्वी आरसा आणि दुर्बीणही ग्लास, आणि अनेकवचन केलं की चष्मा! मराठीनं प्रत्येकाला वेगळं नाव दिलं. उलट आपल्या 'काच'चा दुसरा अर्थ जाच. 'सासूचा काच' काही पारदर्शक नसतो!

'क्लिअर'चंही तसंच. इथे दार्सैतमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांचं आकाश क्लिअर, रस्ता क्लिअर, डाऊटही क्लिअर. त्यांचं काही चुकत नाही, पण शब्द गळतात त्याचं काय? मराठीत आकाश निरभ्र असतं, पाणी नितळ, आवाज स्पष्ट, रस्ता मोकळा, मन निर्मळ, हिशेब चोख. शंका तर फिटते! गाळ खाली बसला की पाणी निवळतं, भांडण मिटलं की घरातलं वातावरणही निवळतं. हे मुलांना एका 'क्लिअर'मध्ये कसं कळणार?

१९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तो लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून. भाषाही तशीच जमते. तेव्हा मंडळी, या दिवाळीपासून मुलांच्या गल्ल्यात रोज एक शब्द टाकूया.