हजेरीपटावर नाव हवे

झाडीपट्टीतून आलेले राईस मिलमालक, दुकानदार, सरपंच, बचत गटांच्या ताई आणि माझ्या दिव्यांग बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या आणि समस्त प्रतापगडवासीयांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. गोंदिया जिल्ह्याच्या या टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, आपण वाट वाकडी करून आलात. या डोंगरावर महादेव आहे, तसाच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. शेजारच्या नॉर्ग्येलिंग वसाहतीत 1972 पासून तिबेटी बांधव राहतात. देश सोडून आलेल्या या माणसांना इथे जमीन मिळाली आणि ती कसून ते आपल्या पायांवर उभे राहिले. आसरा देणे या मातीला नवे नाही.

तरीही एक गोष्ट आपल्याला अजून जमलेली नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेत तीनचाकीवर बसलेला माणूस दिसला की आपला हात खिशाकडे जातो. त्याला कोणते काम येते, हे मात्र आपण विचारत नाही. ते विचारण्यासाठीच दिव्यांगांच्या रोजगाराची ही परिषद आहे.

विचारण्याच्या आड आपले काही गैरसमज येतात. पहिला गैरसमज म्हणजे ‘याला जमणार नाही’. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. 2016 मध्ये रेल्वेच्या लेखा सेवेने पूर्ण अंधत्वाचे कारण देऊन त्यांना नाकारले. पुढच्याच वर्षी त्या देशात 124व्या आल्या आणि 2019 मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. ज्यांनी नाकारले त्यांनी डोळे तपासले होते, काम तपासले नव्हते.

दुसरा गैरसमज म्हणजे ‘याच्यामुळे अपघात होतील’ आणि तिसरा ‘याच्यासाठी खर्च वाढेल’. मी स्वतः राईस मिल चालवतो, म्हणून मिलमधलेच सांगतो. आमच्याकडे पोती शिवण्याच्या मशीनवर एक तरुण आहे, त्याला ऐकू येत नाही. आता मिल सुरू असताना तिथे कोणालाच कोणाचे ऐकू येत नाही, सगळेच खुणेने बोलतात. आम्ही भोंग्याच्या जोडीला एक लाल दिवा लावला. खर्च काही शे रुपये आला आणि तो दिवा आज सर्वांच्याच उपयोगी पडतो. धान वर नेणाऱ्या एलिव्हेटरचा पट्टा सरकू लागला तर पत्र्यावर तळहात ठेवून त्याला आमच्या आधी कळते. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने 1981 मध्ये आपल्या दिव्यांग कामगारांची पाहणी केली, तेव्हा सुरक्षितता, हजेरी आणि काम या तिन्ही बाबतींत त्यांतले बहुसंख्य सरासरीइतके किंवा त्याहून सरस निघाले होते.

चौथा गैरसमज आपल्या भागात सर्वांत जास्त नुकसान करतो. दिव्यांग म्हणजे पाहताक्षणी कळणारा, असे आपण धरून चालतो. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या कायद्यात ते 21 झाले आणि त्यांत सिकलसेलही आला. पूर्व विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे. सिकलसेलग्रस्त पोरगा धडधाकट दिसतो आणि अचानक सांधे धरून बसतो. मग मुकादम म्हणतो, ‘काम चुकवतो.’ खरे तर उन्हातली अतिमेहनत, अंगातले पाणी कमी होणे आणि थंडी यांनी त्याचे दुखणे उसळते. त्याला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या, सावलीतले काम द्या आणि दुखण्याच्या दिवशी सुटी द्या. एवढ्यावर तो वर्षभर तुमच्याकडे टिकेल. आणि सिकलसेलचा नुसता वाहक असलेल्याला तर आजारी समजण्याचे कारणच नाही.

पाचवा गैरसमज मनात खोल रुतलेला आहे. दिव्यांगाला कामावर ठेवणे म्हणजे उपकार, तेव्हा मजुरी अर्धी दिली तरी चालते! रोजगार हमीच्या कामावर दिव्यांग मजुराला इतरांइतकीच मजुरी देण्याचा नियम आहे. मग आपल्या मिलमध्ये, दुकानात, तेंदूपानाच्या फळीवर वेगळा न्याय का? सत्तर पानांचे पुडके बांधायला सराईत बोटे लागतात, पाय नव्हेत. आपल्याच विदर्भात, वरोऱ्याला, बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांच्या झडलेल्या बोटांवर विश्वास टाकला आणि त्याच हातांनी आनंदवनात विहिरी खोदल्या, शेते पिकवली, हातमाग चालवले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरून नोकरी केली आणि 1984 मध्ये संस्था उभारून इतरांनाही कामाला लावले. ज्यांना आपण सांभाळायचे म्हणतो, त्यांनी दुसऱ्यांचे संसार सांभाळले आहेत.

सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखीव आहेत. पण आपल्या तालुक्यात बहुतेक रोजगार आहे तो शेतीत, मिलमध्ये आणि बाजारात. तिथे कायद्यापेक्षा तुमचा होकार मोठा आहे.

मंडपात रॅम्प आहे, सांकेतिक भाषेचे दुभाषी आहेत, जेवणाची सोय टेबलावर आहे. काही उणे भासले तर हक्काने सांगा. 

येथे जमलेल्या प्रत्येक मालकाला माझी हात जोडून विनंती आहे. परिषद संपण्यापूर्वी इथल्या एका तरी दिव्यांग बंधू-भगिनीशी बोला. आपल्याकडचे एक काम त्यांना नीट समजावून सांगा आणि ते कसे करता येईल, हे त्यांनाच विचारा. जमते असे दिसले तर पुऱ्या मजुरीवर त्यांचे नाव हजेरीपटावर घ्या.