वाचवलेला दिवस



डोंगरावर बोलायला मला बोलावणं आलं, तेव्हा बायकोला हसू आलं. ‘तुम्ही आणि डोंगर?’ ती म्हणाली. तिचं बरोबर आहे. कवितेत मी पुष्कळ डोंगर चढलोय. पायांनी चढलो तो एकच, साताऱ्याचा अजिंक्यतारा. तोही डॉक्टरांनी ‘साखर वाढलीय, चालायला लागा’ म्हणून दटावल्यावर. तेव्हा आज मी गिर्यारोहक म्हणून बोलत नाही. पन्नाशी ओलांडल्यावर एकदाच हिमालयातली एक खिंड ओलांडलेला माणूस म्हणून बोलतोय.

ही खिंड म्हणजे हिमाचल प्रदेशातला हम्प्टा पास. उंची सुमारे ४,२७० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्या अडीच पटींहून जास्त. पीर पंजाल रांगेतली ही खिंड कुलूचं हिरवं खोरं आणि लाहौलचा उजाड मुलूख यांना जोडते. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. तिनं पगारातून पैसे साठवले आणि एक दिवस फोन केला, ‘अब्बा, जूनमध्ये रजा काढा. तुम्हाला बर्फ दाखवते.’ हे २०२२ सालचं. तिनं पाठवलेल्या माहितीपत्रकात या वाटेला ‘नवख्यांसाठी सोपी’ म्हटलं होतं. त्या ‘सोपी’ शब्दावर मी भाळलो.

सोपी म्हणजे काय, ते आधी सांगतो. दोर लावून कडे चढायचे नाहीत. सामान खेचरांवर जातं, तंबू लावलेले मिळतात, गरम डाळभात मिळतो. बरोबर वाटाड्या असतो. रोज चार-सहा तास चालायचं; खिंडीच्या दिवशी जास्त. तीन महिने रोज भराभर चार-पाच किलोमीटर चालण्याची सवय केली आणि आठवड्यातून एकदा पाठीवर ओझं घेऊन चढ चढला, तर पाय साथ देतात. माझ्या पायांनी दिली. अजिंक्यताऱ्याचे उपकार.

पण पाय हा या वाटेचा अर्धाच भाग. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या साधारण साठ टक्के उरतो. प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. शरीर या तुटीशी जुळवून घेतं, पण त्याला वेळ लागतो. म्हणून जाणकार सांगतात, तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये. माहितीपत्रकात आणखी एक ओळ होती : शक्य असल्यास मनालीला एक दिवस आधी येऊन आराम करा.

ती ओळ मी खोडली. खरोखर पेननं खोडली. ‘मनालीत काय बघायचं? हॉटेलचं भाडं फुकट. एक दिवस वाचवू,’ असं मी मुलीला म्हणालो. कारकुनी जन्म गेलेला माणूस. रजेचा हिशोब त्याला श्वासाच्या हिशोबापेक्षा मोठा वाटतो.

दिल्लीहून रात्रभर बसनं आलो, मनालीत एक रात्र काढली आणि सकाळी निघालो. प्रीणी गावावरून जीप वळणावळणांनी चढत जोबरापर्यंत जाते. हा रस्ता जलविद्युत प्रकल्पासाठी झालेला. जोबरापासून पायवाट. देवदार, मग मेपल, मग भूर्ज. भूर्जाची साल कागदासारखी सुटते. ज्या भूर्जपत्रावर जुन्या लोकांनी पोथ्या लिहिल्या ते हे, असं म्हणून मी त्या झाडाला हात लावला. पहिला मुक्काम चिक्का, उंची तीन हजारांच्या थोडी वर. म्हणजे मनालीपासून एका दिवसात हजार मीटर. तेव्हा मला काहीच जाणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठमोठ्या दगडांतून, ओढ्याच्या कडेनं ‘बालू का घेरा’ या पठारावर पोचलो. ओढ्यानं आणून टाकलेल्या वाळूची सपाटी. नावातच वाळू आहे. उंची साडेतीन हजारांच्या पुढे. वाटेत गद्दी धनगर भेटले. शेकडो मेंढ्याबकऱ्या, दोन केसाळ कुत्री, खांद्यावर नुकतं जन्मलेलं कोकरू. उन्हाळ्यात ते कळप घेऊन खिंडीपलीकडे लाहौलच्या कुरणांकडे जातात. आमचे माणदेशी धनगर चाऱ्यासाठी मुलूखभर फिरतात, तसेच. त्यांच्या चालण्यात घाई मुळीच नव्हती. कळपातल्या सगळ्यात लहान जनावराच्या चालीनं सगळा कळप चालत होता.

संध्याकाळी मुलगी गप्प झाली. ही पोरगी झोपेतसुद्धा बोलते. जेवायला बसलो, तर भात चिवडत राहिली. मी विचारलं, ‘बेटा, काय होतंय?’ ‘काही नाही, अब्बा. दमलेय.’ वाटाड्या तिकडचाच, पंचविशीतला पोरगा. तो काही विचारत नव्हता; सगळ्यांच्या ताटांकडे बघत होता. मग सावकाश येऊन बसला. ‘दीदी, सर में दर्द है?’ ती नाही म्हणाली. तो म्हणाला, ‘दोपहर से है ना?’ तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुपारपासून डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. तिनं लपवलं होतं. का? तर अब्बांचा ट्रेक बुडेल.

श्रोतेहो, ती सत्तावीस वर्षांची, रोज पळणारी. मी पन्नाशी उलटलेला, साखरेचा रुग्ण. डोकं माझं दुखायला हवं होतं. वाटाड्या म्हणाला, ‘असा नियम नाही, सर. पहाड वय बघत नाही. तरुण माणसं भराभर चढतात, म्हणून उलट त्यांनाच जास्त जपावं लागतं.’ त्यानं बोटाला ऑक्सिमीटर लावला, पण नुसत्या आकड्यावर त्याचा भरवसा नव्हता. डोकं दुखतंय का, जेवण जातंय का, सरळ रेषेत चालता येतंय का, हे तो बघत होता. ती सरळ चालत होती. झोक जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असो की पाऊस, तत्काळ खाली उतरवायचं. तिथं उद्यावर ढकलायचं नसतं. साधी डोकेदुखी असली, तरी ती थांबेपर्यंत एक पाऊलही वर जायचं नाही. त्यानं निर्णय सांगितला : रात्री दोघांनी लक्ष ठेवायचं, उजाडताच चिक्काला परत.

मुलगी माझ्यावर चिडली. ‘तुम्ही जा वर. मी मदतनिसाबरोबर उतरते. एवढ्या लांब आलात.’ मी काही बोललो नाही. तंबूबाहेर जाऊन इशाची नमाज पढलो. प्रवासात असलेल्या माणसाला आमच्याकडे सवलत आहे : चार रकातींच्या नमाजीच्या दोनच पढायच्या. लहानपणी मला वाटायचं, ही कमजोर माणसांसाठीची सोय असेल. त्या रात्री दोन रकाती झाल्यावर बसून राहिलो. वाट धरलेल्या माणसाला ढील द्यावी, हे ज्यानं ठरवलं त्याला माणसाचं शरीर ठाऊक होतं. मी मात्र माझ्याच मुलीच्या शरीराला एका दिवसाची ढील नाकारली होती. ती ओळ मी खोडली होती, तिनं नव्हे.

त्या रात्री मी दर तासाला तिला हाक मारली. ती ‘अं’ म्हणायची. त्या ‘अं’साठी मी आयुष्यभर लिहिलेली सगळी कविता द्यायला तयार होतो.

सकाळी आमचा गट वर गेला, आम्ही मदतनिसाबरोबर उतरलो. पाचशे मीटर खाली आल्यावर दुपारपर्यंत तिचं डोकं उतरलं. संध्याकाळी तिनं डाळीत मीठ कमी असल्याची तक्रार केली आणि माझा जीव भांड्यात पडला. पुढचा अख्खा दिवस चिक्कातच काढला. भरपूर पाणी प्यायलो, नुसतं बसलो. मागून येणाऱ्या गटात आम्हाला सामावून घेतलं. एक दिवस वाचवायला गेलो आणि तीन गमावले.

दुसऱ्यांदा बालू का घेरा गाठला, तेव्हा ती बडबडत होती. पहाटे खिंडीकडे निघालो. जून संपत आला होता, तरी वरच्या चढावर बर्फ होतं. बुटांना काटेरी साखळ्या बांधल्या. पंचवीस पावलं, थांबा. पंचवीस पावलं, थांबा. मला पंढरीची वारी आठवली. आमच्या भागातून वारी जाताना मी लहानपणापासून बघतोय. वारीचे विसावे ठरलेले असतात. विसावा घेतला म्हणून कुणाची वारी मोडत नाही.

खिंडीत पोचल्यावर मागे बघितलं : ढग, गवत, झाडांची हिरवी रेघ. पुढे बघितलं : तपकिरी, बोडके डोंगर आणि कोरडं निळं आभाळ. पावसाचे ढग या रांगेला अडतात आणि पलीकडे फार थोडे पोचतात. मुलगी म्हणाली, ‘अब्बा, हे तर महाबळेश्वर आणि आपलं दहिवडी!’ खरंच. सह्याद्रीवर पाऊस कोसळतो आणि पूर्वेला माणदेश ढगांकडे बघत बसतो. एवढ्या लांब येऊन मला माझा दुष्काळी मुलूख भेटला.

उतरून शिया गोरूला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळीच, हाताला हात धरून, गुडघाभर बर्फगार पाण्यातून ओढा ओलांडला. दुपारी ऊन तापलं की बर्फ वितळून पाणी चढतं, म्हणून सकाळची वेळ. मग छतडू आणि चंद्रा नदी. हीच चंद्रा पुढे तांदीला भागा नदीला मिळते आणि चंद्रभागा होते; खाली तिलाच चिनाब म्हणतात. तिचं नाव ऐकून मुलीनं ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. पंढरपूर तिथून कितीतरी दूर, पण नाव घरचं.

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल, तर अवश्य जा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत वाट चालती असते. पावसाळ्याच्या दिवसांत अंदाज बघून. डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. ती घेतली म्हणून वर चढायचा परवाना मिळत नाही. डोकं दुखलं तर लपवू नका, आणि बरोबरच्या माणसाला लपवावं लागेल असं वागू नका. वाट सोपी आहे, ती सावकाश चालणाऱ्याला.

परतताना जीप अटल बोगद्यातून आली. २०२० साली सुरू झालेला, नऊ किलोमीटर लांबीचा. जी रांग ओलांडायला आम्हाला आठवडा लागला, तिच्या पोटातून दहा-पंधरा मिनिटांत बाहेर पडलो. अलीकडे पुन्हा देवदार, पुन्हा पाऊस. मुलगी माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, ‘अब्बा, बोगद्यानं एक दिवस वाचला. मनालीत राहू या?’

राहिलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)