महामारीतील बालकांचे लसीकरण आणि सेविकांचा हक्क

(सदर बाजार, रायपूर येथील मराठी भाषिक पक्षसभासदांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



सदर बाजारातील सराफी पेढीला कुलूप लागले की ते साऱ्या शहराला दिसते. २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी आली आणि ९ एप्रिल २०२१ पासून रायपूर पुन्हा बंद झाले, तेव्हा ती कुलपे सर्वांनी पाहिली. परंतु पेढ्यांमागील गल्लीत हमालाच्या बिऱ्हाडातील नऊ महिन्यांच्या मुलाची गोवराची मात्रा चुकली, तर ते कोणास दिसते? ती चूक दिसते दोन वर्षांनी, गोवराच्या पुरळांतून.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील लसीच्या तिन्ही मात्रा २०१९ साली भारतातील ९१ टक्के बालकांना मिळाल्या होत्या; २०२० साली हे प्रमाण ८५ टक्क्यांवर आले. त्या लसीची एकही मात्रा न मिळालेली बालके चौदा लाखांवरून तीस लाखांवर गेली. ही तीस लाख मुले कोणत्या वर्गातील, हे पक्षसभासदांना सांगण्याची गरज नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे पुढे येतो, आणि तो आपल्याच रांगांतून येतो. साथ भरात असताना आयांना मुले घेऊन केंद्रावर बोलावणे म्हणजे रोगाला आमंत्रण नव्हे काय? आफ्रिकेतील देशांविषयी २०२० साली झालेल्या एका अभ्यासाने याचा हिशेब मांडला. केंद्रावरील संसर्गामुळे एक मृत्यू ओढवेल असे धरले, तर नियमित लसीकरण चालू ठेवल्याने ८४ बालकांचे प्राण वाचतात, असा तो हिशेब होता. आकडे आफ्रिकेचे आहेत, ते जसेच्या तसे रायपूरला लावता येणार नाहीत. पण तराजूचे पारडे कोणीकडे झुकते ते स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २६ मार्च २०२० च्या मार्गदर्शनात सामूहिक मोहिमा तात्पुरत्या थांबवाव्यात, पण नियमित लसीकरण शक्य तेथे चालू ठेवावे, असा भेद केला होता.

मात्र 'चालू ठेवा' असे म्हणणे सोपे आहे. चालू कोणी ठेवायचे? छत्तीसगडात ते ओझे मितानिनीच्या खांद्यावर पडते. २००२ साली येथे मितानिन योजना सुरू झाली, आणि देशातील 'आशा' योजना तिच्यानंतर आली. घरोघर जाऊन नावे टिपणारी, चुकलेले मूल शोधणारी, आईची समजूत घालणारी हीच बाई. शासन तिला कर्मचारी मानत नाही. कामागणिक प्रोत्साहन रक्कम देते. महामारीच्या जोखमीबद्दल आशांसाठी केंद्राने ठरवलेला मोबदला महिना एक हजार रुपये! म्हणूनच ७ व ८ ऑगस्ट २०२० रोजी देशभरच्या योजना-कर्मचारी महिलांनी संप केला. तेव्हा काही सभ्य गृहस्थांनी त्यांना बालकांचे शत्रू ठरवले. वस्तुतः मुखपट्टी, हातमोजे, विमा आणि वेतन मागणारी सेविका लसीकरण बंद पाडत नव्हती. ते चालू राहण्याची अटच ती सांगत होती. आजारी पडलेल्या सेविकेच्या वस्तीत सत्र कोण घेणार?

लस येते कोठून, हाही प्रश्न आहेच. जानेवारी २००८ मध्ये कसौली, गिंडी व कुन्नूर येथील सार्वजनिक लस कारखान्यांचे परवाने स्थगित झाले. २०१० साली ते पूर्ववत करावे लागले, पण मधल्या दोन वर्षांत बाजार खाजगी उत्पादकांना मोकळा मिळाला.

परिणाम महाराष्ट्रातील कॉम्रेड्सनी पाहिला. २०२२ च्या अखेरीस गोवंडीच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत गोवराने बालके दगावली; भिवंडी, मालेगावातही साथ पोहोचली. गोवराला रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के मुले सुरक्षित असावी लागतात. नवव्या महिन्याची मात्रा चुकलेली थोडीशी मुले एका गल्लीत एकवटली, तरी शहराची सरासरी कामास येत नाही.

याच प्रदेशात दल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी १९८३ साली वर्गणी आणि श्रमदानातून शहीद रुग्णालय उभे केले. तेव्हा सदर बाजाराच्या शाखेला एक यादी जड जाऊ नये: आपल्या गल्ल्यांतील पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाचे नाव, लसीकरण पत्रिका आहे की नाही, कोणती मात्रा राहिली. ही यादी मितानिनीसोबत बसून करावी, तिच्याऐवजी नव्हे; आणि तिच्या थकलेल्या रकमेचा अर्ज त्याच दिवशी लिहून घ्यावा.