रस्त्यात चालणारीचा वाटा किती?

आज रस्त्याबद्दल बोलूया. खड्ड्यांबद्दल नाही, ते तर आपण रोजच बोलतो. रस्ता बांधताना पायी चालणाऱ्यांसाठी त्यात किती जागा ठेवतात, त्याबद्दल.

महाडच्या बाजारात सकाळी जरा थांबून बघा. शाळेची पोरं, एसटी स्टँडकडे निघालेल्या आजी, डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली बाई, कडेवर मूल आणि हातात पिशवी सांभाळणारी आई. सगळी पायी. चालतात कुठून? गटाराचं झाकण आणि उभी केलेली मोटारसायकल यांच्यामधल्या फटीतून. फट संपली की डांबरावर उतरायचं आणि मागून हॉर्न ऐकायचा. आपणच पोराला ओरडतो, "कडेनं चाल!" पण कड ठेवलीय कुठे?

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. दर पाचांत जवळजवळ एक. ज्यांच्याकडे गाडीच नाही, त्यांचा हा आकडा.

नियम नाहीत असं मात्र नाही. रस्त्यांची मापं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस सांगते, की वस्तीत फुटपाथवर चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, बाजारात अडीच मीटर. मोकळी म्हणजे मोकळी. मध्ये विजेचा खांब आला तर ती जागा धरायची नाही. उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको, म्हणजे घरच्या जिन्याची एक पायरी. आपल्याकडे कुठे गुडघ्याएवढा फुटपाथ बांधतात. मग गुडघे दुखणाऱ्या बायका खालूनच चालतात, आणि लोक म्हणतात, फुटपाथ वापरतंय कोण! उताराचंही माप आहे: जेवढी उंची, त्याच्या बारा पट लांबी. म्हणजे चाकाची खुर्ची कुणी न ढकलता वर जाते, बाळाची गाडीही.

पुणे महापालिकेनं २०१६ साली रस्त्यांच्या रचनेची स्वतःची नियमावली केली. तिच्यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे विचार सुरू कुठून होतो ती. आपल्याकडे आधी गाड्यांची जागा आखतात, उरलं तर फुटपाथ. तिथे पायी चालणारा, सायकलवाला, बसचा प्रवासी यांची जागा आधी धरायची. जंगली महाराज रस्ता तसा नव्यानं केला. रुंद फुटपाथ, बसायला बाकं, मुलांना खेळायची साधनं, गाड्या लावायला आखलेली जागा. पुण्यातले सगळे रस्ते तसे झालेले नाहीत, तेही सांगायला हवं.

मग भाजीवालीनं कुठे बसायचं? तिला उठवून फुटपाथ मोकळा करणं हा सोपा आणि अन्यायाचा मार्ग. चांगल्या आराखड्यात चालायच्या पट्ट्याशेजारी झाडं, खांब आणि विक्रेते यांना वेगळी पट्टी असते. २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे शहराच्या समितीत फेरीवाल्यांचे प्रतिनिधी असतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका असाव्या लागतात.

महामार्गाची गोष्ट जास्त जिवावरची. महाड-पोलादपूरकडे घर एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला, हे नवीन नाही. गाडीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटर झाला, तर धडकेत पायी माणूस मरण्याचा धोका साडेचार पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंडरपास अर्धा किलोमीटर लांब असेल, पावसात त्यात पाणी असेल, तर डोक्यावर भारा असलेली बाई सरळच ओलांडणार. तिला बेफिकीर म्हणू नका. वाट चुकीच्या जागी काढलीय.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की फुटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कातच येतो. पण कागदावरचा हक्क काय असतो, हे महाडला कुणी शिकवायला नको. चवदार तळं सर्वांना खुलं, हा ठराव नगरपालिकेनं १९२४ सालीच केला होता. पाण्यापर्यंत माणसं पोचली ती २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांबरोबर चालत जाऊन. तो माणूसपणाचा लढा होता, फुटपाथची त्याच्याशी बरोबरी नाही. ठरावापासून तळ्यापर्यंतचं अंतर तेवढं आठवावं.

आता करायचं काय? तुमच्या भागात रस्त्याचं काम निघालं, की डांबर पडायच्या आधी नगरपरिषदेत आराखडा मागा. 'रस्त्याचा आडवा छेद' म्हणायचं. त्यात फुटपाथ, गटार, गाड्यांची जागा मीटरमध्ये लिहिलेली असते. दिला नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जुना थर खरवडून मग नवा टाकणार ना, हेही विचारा. थरावर थर चढला की रस्ता उंबऱ्याच्या वर जातो आणि सावित्रीचं पाणी चढलं की आधी घरात शिरतं. गावात असाल तर ग्रामसभेत विषय लिहून द्या. अर्जाची पोच मात्र घ्यायचीच.

आणि मोजायला टेप नसला तरी अडत नाही. शिवणकामाची फीत दीड मीटरची असते. तिच्यापुढे पोराच्या दप्तरातली फूटपट्टी ठेवली, की झाले १.८ मीटर. दोघीजणी जा, एकीनं टोक धरायचं.